एक कागद कमी

१

मंगळवारी दुपारी मी हिमानीच्या बेसमेंटमध्ये उतरले तेव्हा तांदळाचं पिंप आडवं पडलं होतं, कार्पेटभर तांदूळ सांडले होते आणि त्या तांदळातच बसून देवयानी बॅग भरत होती.

“अगं, हे काय चाललंय?”

“ते आले होते, काकू.” तिनं मान वर केली नाही. “फाईल घेऊन गेले. बहात्तर तासांत देश सोडा म्हणाले. मी कागदावर सही करून दिली.”

हातातला भाजीचा डबा मी जिन्यावरच ठेवला आणि तिच्यासमोर फतकल मारून बसले.

मी सुमित्रा चांदोरकर, वय सदुसष्ट. नागपूर सोडून अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॉयला आले त्याला एकोणचाळीस वर्षं झाली. त्यातली बत्तीस मी एका विमा कंपनीत गाड्यांच्या अपघातांचे क्लेम तपासले. मागून ठोकली म्हणून रडत येणाऱ्यानं गाडी स्वतःच झाडावर घातलीय, हे मी बंपर बघून सांगायची. खोटं बोलणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो, आणि राग आला की माझं डोकं चांगलं चालतं. आमचे अनिल म्हणायचे, तुझ्याशी भांडण्यापेक्षा खरं बोललेलं परवडतं. ते गेले, त्याला सहा वर्षं झाली.

देवयानी परभणीकडची. तिचा नवरा अरुण शाळेत मास्तर होता. गोदावरीतून किती वाळू उपसायची परवानगी आहे आणि किती उपसली जाते, एवढंच त्यानं माहितीच्या अधिकारात विचारलं. एका संध्याकाळी वाळूचा हायवा ट्रक त्याच्या मोटरसायकलवरून गेला. त्याचे अर्ज मग देवयानीनं पुढे चालवले, तर तिच्या दारावर पेट्रोल ओतून ते पेटवलं गेलं. गेल्या मार्चमध्ये ती हिमानीकडे आली. हिमानी तिची मावसबहीण, नकुल हिमानीचा नवरा. इथं जिवाच्या भीतीनं आसरा मागायचा असेल तर आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. तिकडून पोलिसांचे कागद यायलाच जानेवारी उजाडला होता. देवयानीचं वर्ष येत्या शुक्रवारी संपत होतं.

त्यात वॉशिंग्टनमध्ये नवं बिल आलेलं. आसरा मागणाऱ्यांसाठी दार आणखी अरुंद करायचं आणि धरपकडीला आणखी माणसं घ्यायची, असं त्यात होतं. म्हणून आम्ही सगळे घाईला आलो होतो. प्रीता वकील, मूळची ठाण्याची, एक पैसा न घेता केस लढणार होती. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या मोरेश्वररावांनी मराठी कागदांची भाषांतरं केली. मी साक्षीदार म्हणून प्रतिज्ञापत्र लिहिलं. मी कोण, कुठे नोकरी केली, घरात कोण कोण, सगळं सविस्तर. प्रीता म्हणाली, “काकू, एवढं नको.” पण मी ऐकते थोडीच! रविवारी यश जेवायला आला होता. यश माझा एकुलता एक, फर्नडेलला राहतो. त्याला वरणफळं वाढता वाढता देवयानीच्या तऱ्हा सांगून मी पोटभर हसवलं. इतकी मी खुशीत होते. आणि दोन दिवसांत हे!

“नीट सांग,” मी म्हटलं. “किती जण होते?”

“एकच. अकरा वाजता बेल वाजली. जाड काळं जॅकेट, छातीवर पोलीस अशी पट्टी. तोंडावर मास्क, डोळ्यांवर गॉगल, टोपी. मी जिन्यातच थिजले.”

“बोलला काय?”

“इंग्रजीच. अगदी इथलं, टीव्हीवर बोलतात तसलं. सही केली नाहीस तर ज्यांनी तुला ठेवून घेतलंय त्यांचेही कागद तपासू म्हणाला. मग काकू, मी सही केली.”

“पासपोर्ट नेला?”

“नाही. तो टेबलावर होता. त्यानं उचलून पाहिला आणि परत ठेवला.”

हे मला खटकलं. पकडायला आलेला माणूस पासपोर्ट सोडून जात नाही.

“आणि फाईल कुठाय म्हणून विचारलं असेल ना?”

देवयानीचा हात बॅगेच्या चेनवर थांबला.

“नाही विचारलं,” ती हळूच म्हणाली. “त्यानं सरळ पिंपाकडे बोट केलं. ‘द राइस,’ म्हणाला. ‘ओपन इट.’”

२

मी तिथूनच प्रीताला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“अर्ज अजून पाठवलेलाच नाही, काकू,” प्रीता म्हणाली. “ऑनलाइन भरून ठेवलाय. देवयानीनं फायनल केलं की पाठवणार. अशी काही फाईल आहे हेच सरकारला माहीत नाही.”

“ऐकलंस?” मी देवयानीला म्हटलं. “ज्या अर्जाचा सरकारला पत्ता नाही, त्याची फाईल मागायला सरकार येईल कसं? आणि तेसुद्धा तांदळात हात घालायला? कुणीतरी सोंग घेऊन आला होता!”

प्रीता म्हणाली, ताबडतोब पोलिसांना कळवू, अधिकाऱ्याचं सोंग घेणं मोठा गुन्हा आहे. पोलीस म्हटल्यावर देवयानी उठून उभी राहिली.

“नको. हात जोडते, नको. काकू, तुम्ही बोलताय ते बरोबर असेल. पण तिकडेसुद्धा सगळे हेच म्हणायचे. अर्ज गुप्त आहे मास्तर, काळजी करू नका. सकाळी अर्ज टाकला की दुपारी वाळूवाल्याच्या फोनवर त्याचा फोटो. सरकारला काय माहीत असतं आणि काय नसतं, ते मला शिकवू नका.”

तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

“परवा संध्याकाळी सहाचं विमान आहे,” ती म्हणाली. “नकुलनं तिकीट काढलंय.”

“आणि तिकडे गेल्यावर?”

ती तांदूळ गोळा करायला लागली. तिकडे गेल्यावर काय, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. दार जाळणारे मोकळेच होते आणि गावातच होते.

“तो सरकारी नव्हता हे मी सिद्ध केलं तर थांबशील?”

“कोण होता ते दाखवा. माणूस समोर उभा करा. मग थांबते.”

गुरुवारी सहा. माझ्या हातात दोन दिवस होते. माझं डोकं असं तापलं होतं की विचारू नका. एका विधवा बाईला घाबरवायला मास्क लावून येतो, मेला!

“फाईल तांदळात असते हे कुणाकुणाला माहीत होतं?” मी विचारलं.

“हिमानी, नकुल. मोरेश्वरकाकांना. भाषांतराला दिलेल्या कागदातून त्यांच्या टेबलावर तांदूळ सांडले होते. आणि तुम्हाला.”

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. चोवीस तासांपूर्वी ही बाई मला आईसारखी मानत होती.

३

सहा वाजता हिमानी आणि नकुल कामावरून आले. हिमानीनं देवयानीला मिठी मारली. नकुल कोट न काढता किचनमध्ये उभा राहिला. मी त्याला गाठलं.

“तिकीट बरं झटपट काढलंस रे?”

“काकू, प्लीज.” त्याचा चेहरा उतरला होता. “तिचा फोन आला, रडत होती, तिकीट काढ म्हणाली. मी काय करू?”

“थांब म्हणायचं. मला फोन करायचा.”

“तुम्हाला बोलायला काय जातंय? तुमचा पासपोर्ट अमेरिकन आहे. मी तेरा वर्षं ग्रीन कार्डच्या लाइनमध्ये आहे. माझं व्हिसाचं एक्स्टेंशन अडकलंय. उद्या कुणी विचारलं, घरात कोण ठेवलंय, तर? मला दोन पोरं आहेत यार, काकू!”

“म्हणजे ती गेलेली तुला हवीच आहे.”

“हो!” तो ओरडला आणि मग एकदम खुर्चीत बसला. “हो, हवी होती. रोज मनात यायचं. पण मी असलं काही केलं नाही. अकरा वाजता मी प्लँटवर मीटिंगमध्ये होतो. दहा माणसं होती. विचारा.”

भित्रा होता, पण खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारा ‘हो’ म्हणत नाही.

“तुमच्या दारावर कॅमेरा आहे ना?” मी म्हटलं. “दाखव.”

“पाहिलाय मी. चेहरा दिसतच नाही.”

“चेहरा बघून मी कधीच क्लेम पास केला नाही. दाखव.”

हिमानीनं फोन टेबलावर टेकवून ठेवला. पोर्च, कडेला काळपट बर्फाचे ढीग, पायऱ्यांवर चिखल. अकरा वाजून चौदा मिनिटांनी माणूस दारातून बाहेर आला. काखेत निळी फाईल. दुसऱ्या पायरीवर त्याचा पाय घसरला, त्यानं कठडा धरला आणि फाईल खाली पडली. सावरताना त्याचा बूट बरोबर फाईलवर टेकला. त्यानं वाकून फाईल उचलली आणि झपाझप निघून गेला.

“बघा,” नकुल म्हणाला, “काहीच नाही.”

“मागे घे. परत लाव. आता हळू.”

तिसऱ्यांदा बघताना मी दोन्ही हात टेबलावर आपटले. बूट लागल्याबरोबर त्या माणसानं पाय असा मागे घेतला, जसा काही निखाऱ्यावर पडला होता. मग वाकून उजव्या हाताची बोटं फाईलला लावली आणि तीच बोटं एकदा उजव्या, एकदा डाव्या डोळ्याला लावली. गॉगलवरूनच! मग फाईल उचलली.

“पाया पडला,” हिमानी पुटपुटली.

“कागदाला पाय लागला म्हणून नमस्कार केला!” मी म्हटलं. “सोंग सरकारचं, पण हात आपल्या घरातला. हा आपल्यातला आहे!”

जिन्यात उभी राहून देवयानीनंही पाहिलं होतं. मला वाटलं आता तिचा चेहरा खुलेल.

“सरकारी नोकरीत आपली माणसं नसतात का, काकू?” ती म्हणाली. “तहसील कचेरीतले सगळे आपलेच होते. रोज टेबलाला नमस्कार करून कामाला बसायचे.”

आणि ती बॅगेचं वजन करायला खाली गेली.

४

बुधवारी सकाळी मी मोरेश्वर टिळेकरांच्या दारात उभी होते. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या बिलाचे गोडवे गाणारा हा एकच प्राणी. ‘कायद्याने आलेल्यांनी घाबरायचं कारण नाही’, ‘रांग मोडणाऱ्यांना चाप’, रोज काहीतरी. तांदळाचं त्यांना माहीत होतं. माझ्या मते क्लेम जवळजवळ निकालात निघाला होता.

दार उघडलं ते उजव्या डोळ्यावर प्लास्टिकची ढाल लावलेल्या मोरेश्वररावांनी.

“मोतीबिंदू,” ते म्हणाले. “काल सकाळी नऊ ते एक सर्जरी सेंटरमध्ये होतो. तू आलीस बरं झालं, चहा कर.”

माझी सगळी हवाच गेली. पण राग तसाच होता. चहा करता करता मी त्यांना घडलेलं सांगितलं आणि वर ऐकवलंही.

“तुमच्यासारख्यांनीच हे वातावरण केलंय. म्हणे रांग! तुम्ही कुठल्या रांगेत उभे होता? व्हिसा संपल्यावर पाच वर्षं डिअरबॉर्नच्या पेट्रोल पंपावर लपून काम केलंत. शहाऐंशी साली सरकारनं सरसकट माफी दिली म्हणून कागद मिळाले. विसरलात?”

त्यांनी कप पुढ्यात ओढला. उघड्या डोळ्यानं कपाकडे बघत राहिले.

“विसरलो नाही,” ते म्हणाले. “कुणाला कळू नये म्हणूनच मोठ्यानं बोलतो. पण सुमित्रा, तिच्या नवऱ्याचा पंचनामा मी भाषांतरित केलाय. एक्केचाळीस पानं. दोनदा उठून बाहेर जावं लागलं. मी तिच्या वाईटावर असेन का?”

“मग कोण असेल? माणूस आपल्यातला आहे, एवढं नक्की.”

“आणि म्हणे बोलला अमेरिकन?”

“देवयानी म्हणते, अगदी टीव्हीवरच्यासारखा.”

मोरेश्वरराव हसले. “मग मी नाही आणि नकुलही नाही. सत्तेचाळीस वर्षं झाली, अजून ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीत माझं ‘वॉटर’ कुणाला समजत नाही. आपण कितीही ताणलं तरी दोन वाक्यांत परभणी काय आणि पुणे काय, बाहेर पडतंच.”

मी चहाचा कप खाली ठेवला.

हात आपल्या घरातला. जीभ इथली. म्हणजे जन्माला इथे आलेला, पण आपल्या आईबापांनी वाढवलेला. आमचंच कुणाचं तरी पोर.

५

पण कुणाचं? हिमानीची मुलं अजून शाळेत होती. मोरेश्वररावांना मूलबाळ नव्हतं. तांदळाचं माहीत असलेल्या घरांत असं वाढलेलं पोर बसेना. कार बिग बीव्हर रोडवर सिग्नलला उभी होती आणि मी मोठमोठ्यानं स्वतःशी बोलत होते. तेवढ्यात प्रीताचा फोन आला.

“काकू, फाईल सापडली! लायब्ररीच्या बुक ड्रॉपमध्ये. पुस्तकं परत टाकायची पेटी असते ना, तिच्यात. आत माझं कार्ड होतं म्हणून त्यांनी मला फोन केला. मी हिमानीकडेच चाललेय.”

मी कार वळवली. बुक ड्रॉप! ज्याला फाईल नाहीशी करायची होती त्याला श्रेडर होता, कचऱ्याचा डबा होता, घरोघर फायरप्लेस आहे. पण छापील कागद त्याच्यानं फाडवेना आणि कचऱ्यात टाकवेना. शेवटी पुस्तकांत नेऊन ठेवला. लुच्चा होता, पण आईनं लावलेलं वळण हाडात मुरलेलं होतं.

हिमानीच्या डायनिंग टेबलावर प्रीतानं एकेक कागद मांडला. पंचनामा, भाषांतरं, हॉस्पिटलचे कागद, जळक्या दाराचे फोटो. तिच्याजवळ यादी होती, तिनं खुणा केल्या. सगळं जागच्या जागी होतं. फक्त शेवटची एक खूण राहिली.

“एक कागद कमी आहे,” ती म्हणाली. “तुमचं प्रतिज्ञापत्र, काकू.”

“माझं?” मी हसलेच. “त्यात कुणाला काय रस? पंचनामा सोडून माझा कागद कोण चोरेल?”

“तेच कळत नाही. केसला त्यानं फारसा फरकही पडत नाही. तुम्ही किती वर्षं इथे आहात, कुठे काम केलं, आणि तो पॅराग्राफ, जो मी काढा म्हणत होते.”

“कुठला?”

प्रीतानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मीच सांगितलेलं, तिनं इंग्रजीत टाइप केलेलं. मी वाचलं. परत वाचलं.

माझा मुलगा यश चांदोरकर अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांच्या स्थानिक कार्यालयात जबाबदारीच्या पदावर काम करतो. आमचं कुटुंब प्रतिष्ठित आहे.

प्रतिष्ठित! पोराचं पद मिरवल्याशिवाय मला राहवेना. पूजेच्या आमंत्रणातही घालते, तसं इथेही घातलं. आणि त्याचे साहेब ते बिल मांडणाऱ्यांपैकी एक. शुक्रवारी संध्याकाळी ट्रॉयमध्ये त्यांची सभा होती, बिलाच्या बाजूनं. आसरा मागणाऱ्या बाईच्या अर्जात त्यांच्याच ऑफिसातल्या पोराचं नाव, आणि तेही त्याच्या आईच्या सहीनं.

रविवारी वरणफळं वाढताना मी काय काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवलं. बाई फाईल तांदळात ठेवते रे, मोरूभाऊंच्या टेबलावर तांदूळ सांडले! आणि तुझंही नाव घातलंय हो आम्ही. यश हसला होता. मग विचारलं होतं, “कधी फाइल करणार?”

उजवा डोळा, मग डावा. वहीला पाय लागला की मी त्याच्या पाठीत धपाटा घालायची. आधी उजवा, मग डावा, असं मी शिकवलं होतं. माझ्या वडिलांनी मला तसंच शिकवलं होतं.

“काकू, बरं वाटत नाहीये का?” प्रीता विचारत होती.

“मला फर्नडेलला जायचंय,” मी म्हटलं.

६

साडेचारला मी त्याच्या अपार्टमेंटची बेल दाबली. यश मोज्यांवर दारात आला. हसला. मग माझा चेहरा पाहिला आणि हसू थांबलं.

“माझा कागद कुठाय?” मी विचारलं.

“आई, व्हॉट आर यू—”

“यश. बत्तीस वर्षं मी हेच काम केलंय. माझा कागद दे.”

तो आत गेला आणि घडी केलेला कागद घेऊन आला. फाडला नव्हता. मी तो पर्समध्ये टाकला.

“मास्क लावून गेलास तू? विधवा बाईच्या अंगावर?”

“मी तिला हात पण लावला नाही! ते जॅकेट ऑनलाइन कुणालाही मिळतं. आई, लिसन टू मी. बिल पास होणारच आहे. शी वुड हॅव लॉस्ट एनीवे. मी सहा वर्षं या जॉबसाठी झिजलोय. सभेत कुणी ते पेपर काढले असते तर माझं करिअर खलास. तुझ्या एका पॅराग्राफमुळे!”

“मग मला म्हणायचं होतंस, आई, माझं नाव काढ. एक फोन! दोन ओळी खोडल्या असत्या.”

“तू काढलं असतंस?” तो म्हणाला. “आणि नुसतं नाव नाही. यू वेअर हेल्पिंग हर. आज ना उद्या कुणीतरी शोधलंच असतं. ती गेली असती की सगळ्यांचं सुटलं असतं. फाईल मी परत मिळेल अशीच ठेवली ना?”

तो ‘सुटलं असतं’ म्हणाला आणि माझा हात उठला. एकतीस वर्षांच्या मुलाच्या कानाखाली मी जाळ काढला. माझाच तळहात झिणझिणला.

“ती गेली असती तर मेली असती, गाढवा! तिच्या नवऱ्याला ट्रकखाली घातलंय. तू फाईल वाचलीस का?”

तो गालाला हात लावून उभा होता. “नाही,” म्हणाला. “फक्त तुझं पान.”

यापेक्षा त्यानं खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं. चोरलेल्या फाईलमधली अरुणची एक्केचाळीस पानं त्यानं उलटवली आणि आपलं नाव तेवढं शोधलं. हा माझा मुलगा. हा मी वाढवला. मी त्याला कागदाच्या पाया पडायला शिकवलं, त्या कागदावरच्या माणसाचं काय ते शिकवायचं राहूनच गेलं, आणि त्याचा मला इतका संताप आला की मला रडूही येईना.

“उद्या बारा वाजता हिमानीकडे यायचं,” मी म्हटलं. “नाही आलास तर मी सभेला येईन. पहिल्या रांगेत बसेन.”

७

गुरुवारी देवयानीची बॅग दाराशी उभी होती. बरोबर बाराला यश आला. प्रीता होती, हिमानी होती. नकुल सुट्टी काढून थांबला होता.

देवयानीनं त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. ती पाहुण्याला बघावं तशी बघत होती.

“बोल,” मी म्हटलं. “जे तिला खाली बोललास तेच, तसंच.”

त्यानं खाली बघत म्हटलं, “द राइस. ओपन इट.”

देवयानीचा हात गळ्याशी गेला. ती दोन पावलं मागे सरली, भिंतीला टेकली. मग हळूहळू पुढे आली आणि त्याच्या तोंडाकडे, डोळ्यांकडे, हातांकडे नीट बघून घेतलं.

“हा सरकारी नाही?” तिनं मला विचारलं.

“हा माझा मुलगा आहे,” मी म्हटलं. “नोकरी जाऊ नये म्हणून यानं केलं. तू सही केलेला तो कागद यानं घरच्या प्रिंटरवर छापलाय. त्याची किंमत शून्य.”

यशनं मराठीत माफी मागितली. ‘सॉरी मावशी’ म्हणाला. देवयानी त्याच्याहून फार तर सात-आठ वर्षांनी मोठी असेल. ती प्रीताकडे वळली. “कुठे बटण दाबायचं ते दाखवा.”

बारा चाळीसला अर्ज गेला. प्रीतानं पावती वाचून दाखवली. नकुलनं फोन काढला, तिकीट कॅन्सल केलं आणि कुणालाही न विचारता बॅग उचलून खाली ठेवून आला.

मग प्रीता म्हणाली, “काकू, पोलिसांचं काय करायचं? हा फेडरल गुन्हा आहे. पण तक्रार देवयानीनंच द्यायला हवी असं नाही. कुणाला माहिती असेल तर तोही देऊ शकतो.”

सगळे माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. खोटं कशाला बोलू? माझ्या मनात आलं, झालं गेलं, अर्ज तर गेला. पोरगा चुकला, त्याला पुरतं कळलंय. एकुलता एक आहे. तुरुंगात गेला तर माझं कोण? बत्तीस वर्षं लोकांची खोटी कारणं ऐकली. माझी त्यांच्याहून वेगळी नव्हती.

“देवयानी,” मी म्हटलं, “तू सांग. तू म्हणशील तसं.”

तिनं यशकडे पाहिलं.

“ट्रक चालवणारा पोरगा एवढाच होता,” ती म्हणाली. “कोर्टात त्याची आई उभी राहिली. म्हणाली, त्या संध्याकाळी तो घरीच होता, तापानं फणफणला होता, मी उशाशी बसले होते. सुटला. काकू, मला तेव्हा त्या बाईचा राग आला नाही. आईच ती. मला वाटलं, मी तिच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं.” ती थांबली. “पण ती खरं बोलली असती तर मला इथं यावं लागलं नसतं.”

यश म्हणाला, “आई, प्लीज.” लहानपणी ताप आला की म्हणायचा, तसंच.

मी पर्समधून फोन काढला. पोलीस ठाण्याचा नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. मी माझं नाव सांगितलं, हिमानीचा पत्ता सांगितला, मंगळवारी सकाळी अकरा वाजता काय झालं ते सांगितलं. पलीकडची बाई शांतपणे टाइप करत होती. तिनं विचारलं, तो माणूस कोण ते तुम्हाला माहीत आहे का? मी नाव सांगितलं, स्पेलिंग सांगितलं. तिनं विचारलं, हा माणूस तुमचा कोण?

यश खुर्चीत बसला होता आणि त्यानं दोन्ही हातांत तोंड लपवलं होतं.

“मुलगा,” मी म्हटलं. “आणि लिहून घ्या, त्या दिवशी तो घरी नव्हता.”